दोन पलंगांची खोली

“विचार त्यांना, गादी कापसाची आहे का फोमची,” आप्पा माझ्या कानाशी कुजबुजले.

मी रिसीव्हरवर तळहात दाबला. “आप्पा, हा बाहेरगावचा फोन आहे. मीटर पळतोय.”

“म्हणून तर सांगतोय, लवकर विचार.”

पलीकडे म्हैसूरच्या एका हॉटेलचे मॅनेजर कधीचे ‘हॅलो, हॅलो मॅडम’ करत होते. मी माझ्या मोडक्या हिंदीत गादीचं विचारलं. त्यांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की गादी फोमची आहे, नवी आहे आणि आजवर तिच्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही. मी आप्पांकडे बघून नकारार्थी मान हलवली. आप्पांनी मांडीवरच्या यादीत त्या हॉटेलवर फुली मारली. सातांपैकी हे चौथं हॉटेल होतं.

माझे वडील, डॉक्टर निवृत्ती शिंत्रे, गुरांचे डॉक्टर. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांनी अख्खा जत तालुका पालथा घातला. अडलेल्या म्हशीशेजारी कडब्यावर पोतं टाकून बिनघोर झोपणारा हा माणूस. आई होती तेव्हा एकदा आम्हाला गोव्याला घेऊन गेले होते, तर हॉटेल शोधायची कटकट नको म्हणून ओळखीच्या एका जनावरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोन दिवस काढले. शेजारी एक आजारी बोकड होता. आईनं परत येताना सबंध प्रवासात त्यांच्याशी अवाक्षर काढलं नाही. तोच माणूस आता सत्तरीला टेकल्यावर, सांगलीतल्या घरात खुर्चीत बसून म्हैसूरच्या गाद्यांची चौकशी करत होता.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. सहलीची कल्पना माझीच. सत्तर पूर्ण होताहेत, तर चार दिवस कुठल्या तरी छान शहरात जाऊ, देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत, नुसतं फिरायचं, खायचं आणि चांगल्या हॉटेलात राहायचं, असं मी म्हटलं. आप्पा मुकाट्यानं घरीच थांबू म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, “म्हैसूर.” जणू कुणी तरी तो शब्द त्यांच्या खिशात आधीच घालून ठेवला होता.

“आणि हॉटेल गावाच्या मधोमध पाहिजे. राजवाडा, बाजार, सगळं पायी पायी जाता आलं पाहिजे. पण गाड्यांचा कलकलाट नको.”

“मधोमधही पाहिजे आणि कलकलाटही नको?”

“असेल की एखादं. बघायला काय जातंय?”

बघायला माझ्या संध्याकाळी जात होत्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत असे. घरी आले की चहासुद्धा न घेता आप्पा मला फोनपाशी बसवत. स्वतः फोन करायला तयार नव्हते. जतकडे सगळं आयुष्य गेल्यामुळे त्यांना कन्नड येत होतं, ते मी सुचवून बघितलं.

“माझं कन्नड गुरांपुरतं,” ते म्हणाले. “मागे सरक, जीभ दाखव, शेपूट उचल. मॅनेजरला काय म्हणू मी?”

मग फोन माझ्याकडे आणि प्रश्न त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. प्रश्नांची यादी रोज वाढत होती. दोन खोल्या हव्यात. एक त्यांना, एक मला. ते घोरतात, म्हणून ते ठीक होतं. माझी खोली पूर्वेची हवी. माझ्या खोलीत पिण्याचं पाणी गाळलेलं हवं. माझ्या खोलीला आतून भक्कम कडी हवी. आणि माझ्या खोलीत दोन पलंग हवेत, वेगवेगळे, मध्ये हातभर जागा सोडून.

“मला दोन पलंग कशाला?”

“एकावर तू झोप.”

“आणि दुसऱ्यावर?”

आप्पांनी बराच विचार केला. “साड्या ठेव,” ते म्हणाले.

माझ्याकडे तेव्हा धड सहा साड्यासुद्धा नव्हत्या, मी कामावर पंजाबी ड्रेस घालून जात असे. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण हे एकच नव्हतं. गेले चार महिने आप्पांनी मटण आणलं नव्हतं. दर रविवारी पिशवी घेऊन सकाळी सातला खाटकाच्या दारात उभा राहणारा माणूस, पांढऱ्या रश्श्याचा वास आला की शेजारच्या गल्लीतून घरी येणारा माणूस, एका रविवारी म्हणाला, “आज नको वाटतंय.” पुढच्या रविवारीही नको वाटलं. मग अंडीही नको वाटायला लागली. आणि आता म्हैसूरच्या पाचव्या हॉटेलला मला विचारायला लावलं, की कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळेल का, आणि तेही सूर्य मावळायच्या आत मिळेल का.

“कांदा-लसूण? तुम्हाला?”

“पचत नाही हल्ली.”

“आणि सूर्य मावळायच्या आत?”

“लवकर जेवलेलं चांगलं. सगळे डॉक्टर सांगतात.”

“तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. तुम्ही कुणाला सांगितलंय?”

“म्हशी लवकरच जेवतात,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरीच त्यांचं रक्त काढलं. साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, जे जे म्हणून आमच्या लॅबमध्ये तपासता येत होतं ते सगळं दोनदोनदा तपासलं. आकडे असे सरळ ओळीत उभे होते, की चाळिशीतल्या माणसानंही हेवा करावा. मी पुण्याला अजितला, माझ्या थोरल्या भावाला फोन केला.

“आप्पांचं काही तरी बिनसलंय. मला वाटतं डोक्यात. एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवू या का?”

“काय करतात ते?”

“गाद्यांबद्दल बोलतात.”

“वय झालंय, हेमा,” अजित म्हणाला. “होतं असं. जरा लक्ष ठेव.”

मी लक्ष ठेवलं. लक्ष ठेवल्यावर दिसलं ते आणखीच काळजीचं होतं. आप्पा आंघोळ करताना गात होते. नवीन कंगवा आणला होता. आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा ते कुठं जात होते ते सांगत नव्हते, “एका मांजराचं बघायचंय” एवढंच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी फुकटात कुत्र्यामांजरांची मलमपट्टी सुरू केली होती, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

यादीतलं सहावं हॉटेल होतं ‘संपिगे’. फोन उचलला तो स्वतः मालकांनीच, नंजुंडय्या नावाच्या. आवाज शांत, वयस्कर. माझे प्रश्न त्यांनी एकेक करून ऐकून घेतले. गादी कापसाची, दर वर्षी पिंजून घेतो. जागा गावाच्या मधोमध, पण आतल्या गल्लीत, त्यामुळे हॉर्न ऐकू येत नाहीत. पाणी दोनदा गाळतो. कांदा-लसूण नको तर नको. सूर्य मावळायच्या आत पाहिजे, तर साडेपाचला पान वाढू. आप्पा शेजारी उभे राहून प्रत्येक उत्तराला टाळी वाजवायचेच बाकी होते.

“मॅडम,” मग नंजुंडय्या म्हणाले, “एक विचारू का? राग येऊ देऊ नका.”

“विचारा ना.”

“तुमच्या शेजारी उभे राहून जे सांगतायत ते तुमचे वडील ना? मला ऐकू येतंय. आपण पंधरा मिनिटं बोलतोय. त्यांनी स्वतःच्या खोलीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न तुमच्या खोलीबद्दल. आणि मॅडम, तुमचा आवाज ऐकून मला काही वाटत नाही, की तुम्हाला यातलं काही हवंय. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. त्या दुसऱ्या पलंगावर कोण झोपणार आहे?”

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून आप्पांकडे बघितलं. कांदा नाही. लसूण नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण. गाळलेलं पाणी. सांगलीत जन्म गेला माझा, अर्धी आळी जैनांची, आणि माझ्या डोक्यात उजेड पडायला म्हैसूरचा माणूस लागला.

“तुम्हाला पुन्हा फोन करते,” मी म्हटलं आणि ठेवला.

“झालं का पक्कं?” आप्पांनी विचारलं.

“आप्पा, माझ्या खोलीत कोण येणार आहे?”

आप्पा यादीकडे बघत राहिले. मग यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगावं तसं म्हणाले, “मगदूमबाई.”

“कोण मगदूमबाई?”

“तुमच्या शाळेतल्या.”

“भूगोलाच्या?”

त्यांनी मान डोलावली आणि मी मटकन जमिनीवर बसले. सुनंदा मगदूम. नववीत कावेरीचा उगम सह्याद्रीऐवजी हिमालयात सांगितला म्हणून त्यांनी मला नकाशासमोर अख्खा तास उभं केलं होतं. आमच्या शाळेतले मुलगेसुद्धा त्यांच्या चपलांचा आवाज आला की छातीचं बटण लावत. धाकट्या भावंडांची लग्नं करून देता देता त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं, असं आई सांगायची. निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. आणि त्यांच्याकडे, आता मला कळलं, एक मांजर होतं, ज्याचा पाय फेब्रुवारीत मोडला होता.

“पाय कधीच बरा झालाय,” आप्पा म्हणाले. “पण म्हटलं, जावं अधूनमधून बघायला.”

“रोज?”

“मांजर आहे. त्याचं काय सांगता येतं?”

मला हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. मी फरशीवर बसून पोट धरून हसत होते आणि आप्पा माझ्याभोवती फिरत “अगं, हळू, हळू, शेजारी ऐकतील” म्हणत होते, आणि मग तेही हसायला लागले. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात असा आवाज झाला असेल.

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू नको म्हणाली असतीस तर?” ते एकदम गंभीर झाले. “आणि त्याही अजून हो म्हणालेल्या नाहीत. म्हैसूरलासुद्धा.”

मग सगळं बाहेर आलं. मगदूमबाई चार वेळा श्रवणबेळगोळला गेल्या होत्या, यात्रेच्या बसमधून, साठ बायकांबरोबर, धर्मशाळेच्या लादीवर सतरंजी टाकून. दर्शन झालं की बस दर वेळी म्हैसूरवरून पुढे जायची, पण थांबायची नाही. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना म्हैसूर शिकवलं होतं, चंदन, रेशीम, राजवाडा, आणि पाहिलं होतं ते खिडकीतून. आप्पांनी सहलीला याल का म्हणून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “डॉक्टर, पुण्य मिळवायला मी पुष्कळ वेळा जमिनीवर झोपले. आता जायचं तर मजा करायला. चांगलं हॉटेल, गावाच्या मधोमध, मऊ गादी. आधी ते ठरवा. मग सांगते.”

“तेव्हापासून,” आप्पा म्हणाले, “माझ्या डोळ्याला डोळा नाही.”

त्यांच्याकडे बघताना मला सहा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. माझं लग्न मोडलं, तेव्हा हेच आप्पा टेम्पो घेऊन इचलकरंजीला माझ्या सासरी आले होते. माझी ट्रंक, शिलाई मशीन आणि मी, तिघींना त्यांनी टेम्पोत चढवलं. वाटेत उसाचा रस पाजला. का, कसं, कुणाचं चुकलं, यातलं त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

“उद्या बाईंना घरी बोलवा,” मी म्हटलं. “त्यांच्या समोरच फोन करू.”

बाई आल्या. फिकट जांभळी सुती साडी, हातात छत्री, केस पांढरे झालेले, पाठीचा कणा तसाच सरळ. मी छत्तीस वर्षांची बाई, दार उघडल्याबरोबर हात बाजूला घेऊन उभी राहिले.

“बस, शिंत्रे,” त्या म्हणाल्या. “हॉटेलचा नंबर कुठंय?”

फोन त्यांनी स्वतः लावला. आप्पा आणि मी सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो, तोंडी परीक्षेला बाहेर थांबलेल्या मुलांसारखे. बाईंचं हिंदी शुद्ध होतं.

“खिडकी पूर्वेला आहे म्हणता. राजवाडा हॉटेलच्या कोणत्या दिशेला?... पूर्वेला. छान. मग खिडकीतून राजवाडा दिसायला हवा. दिसतो का?... का नाही दिसत?”

पलीकडे काही तरी खुलासा चालला होता.

“मध्ये बँकेची इमारत. किती मजली?... दोन. आणि तुमचं हॉटेल?... चार. मग आम्हाला तुम्ही पहिल्या मजल्यावर का ठेवताय?”

मग बाईंच्या चेहऱ्यावर, मी शाळेत कधी न पाहिलेलं, एक बारीकसं हसू आलं.

“तिसऱ्या मजल्यावर दोन्ही खोल्या. शाब्बास. लिहून घ्या.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला, पदर नीट केला आणि आप्पांकडे वळून म्हणाल्या, “डॉक्टर, हॉटेल चांगलं निवडलंत. मी येते.”

आप्पा उठून उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि तिघांसाठी पाच कप चहा करून घेऊन आले.

तिकिटं शुक्रवारची मिळाली. गुरुवारी मी अजितला खरं काय ते सांगितलं. आधी त्याला कळेना, मग कळलं, मग तो ओरडला. सत्तराव्या वर्षी हे काय, नातवंडं मोठी झाली, लोक काय म्हणतील, आणि त्या जैन, आपण पांढरा-तांबडा रस्सा ओरपणारे, दोन दिवस टिकेल का हे?

“आप्पांनी मटण सोडलंय,” मी म्हटलं. “चार महिने झाले.”

फोनवर एवढी शांतता पसरली, की मला वाटलं लाइन तुटली.

“मटण सोडलं?”

“अंडीसुद्धा.”

“म्हणजे हे खरंच आहे,” अजित खालच्या आवाजात म्हणाला. मग पुन्हा चढला. “मी शनिवारी सकाळी येतोय. त्यांना थांबवून ठेव. समोरासमोर बोलतो.”

“बरं,” मी म्हटलं. शनिवारी सकाळी आम्ही म्हैसूरच्या स्टेशनवर उतरणार होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी पळून जायला मदत करत होते, आणि पळून जाणाऱ्यांच्या सामानात गुडघ्याचं तेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

मिरजेहून दुपारी गाडी सुटली. आप्पांनी नवा पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या कॉलरला अजून टाचणी होती. ती मी बेळगाव गेल्यावर काढली. बाईंनी गूळपोळ्या आणल्या होत्या. उन्हं उतरायच्या आत आम्ही तिघं जेवलो, आणि मग आप्पा हात धुवायला गेलेले बघून बाई माझ्याजवळ सरकल्या.

“शिंत्रे, खरं सांग. तुला हे चालणार आहे का?”

“काय, बाई?”

“सगळं. मी. ते.”

“मला चालेल, बाई. पण आप्पांनी तुम्हाला काय विचारलंय?”

“तेच तर. काही विचारलेलं नाही. गादी कापसाची चालेल का, विचारलं. पाणी कसं लागतं, विचारलं. चार महिने हा माणूस माझ्याशी गादीबद्दल बोलतोय. मुद्द्याला हातच घालत नाही. आणि मी बाई माणूस, या वयात, मी काय विचारू?” त्यांनी गूळपोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. “तसं नुसतं हॉटेल बघून परत येणंही काही वाईट नाही म्हणा.”

पण आवाज तसा नव्हता. आप्पा परत आले तशा त्या सरळ बसल्या आणि घटप्रभा नदी कुठून कुठे जाते ते मला विचारलं. मी चुकले.

सकाळी म्हैसूर. ऊन कोवळं, रस्ते रुंद, कोपऱ्याकोपऱ्यावर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बायका. बाई रिक्षातून डोकं बाहेर काढून बघत होत्या आणि नावं घेत होत्या, हा देवराज मार्केटचा घड्याळाचा मनोरा असणार, ती चामुंडीची टेकडी असणार, आणि प्रत्येक वेळी रिक्षावाला मान हलवून हो म्हणत होता. प्रत्येक उत्तराला त्या लहान मुलीसारखी टाळी वाजवत. आप्पा रस्ता बघतच नव्हते. ते बाईंना बघत होते.

‘संपिगे’च्या काउंटरवर नंजुंडय्या स्वतः उभे होते. बुटके, टक्कल, कपाळाला गंध, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी तिघांना हात जोडले, मोठं रजिस्टर आमच्यासमोर फिरवलं आणि नावं, वयं, पत्ता लिहून घेतला. मग पेन एका रकान्यावर थांबलं.

“पाहुण्यांचं एकमेकांशी नातं,” त्यांनी हिंदीत विचारलं. “पोलिसांना दाखवावं लागतं, म्हणून. ही मुलगी, ठीक. आणि ह्या मॅडम?”

आप्पांनी घसा खाकरला. बाईंनी छत्रीकडे बघितलं. आमच्या मागे बेंगळुरूहून आलेलं एक आठ माणसांचं कुटुंब बॅगा घेऊन ताटकळत होतं.

“ह्या,” आप्पा म्हणाले, “माझ्या... म्हणजे त्यांचं एक मांजर आहे.”

“मांजर?” नंजुंडय्यांनी विचारलं.

मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. झोप नीट झाली नव्हती, रात्रभर गाडीत बाई कूस बदलत असलेल्या ऐकू येत होत्या. मी काउंटरवर हात आपटला आणि त्यांच्याच हिंदीत सांगून टाकलं, “लिहा हो. ये दूल्हा, ये दुल्हन, और मैं बारात.”

नंजुंडय्यांचं पेन हवेतच राहिलं. मागच्या कुटुंबातल्या आजीबाई पुढे सरकून बघायला लागल्या. आप्पा पांढऱ्याचे लाल आणि लालचे पांढरे झाले.

बाईंनी माझ्याकडे शाळेतली ती नजर टाकली. “शिंत्रे, उत्तर चूक आहे,” त्या मराठीत म्हणाल्या. “प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.” मग आप्पांकडे वळल्या. आवाज तोच, पण छत्री त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. “विचारायचा असेल तर विचारा, डॉक्टर. मागे माणसं खोळंबलीत.”

आप्पांनी काउंटरची कड धरली. अडलेल्या गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारे माझे वडील, मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी एका दमात म्हणाले, “बाई, पुढच्या खेपेला आपण आलो तर... एकाच खोलीत राहाल का?” आणि लगेच, घाबरून, “म्हणजे लग्न करून! आधी लग्न करून!”

नंजुंडय्यांना मराठी येत नव्हतं, ते टेनिसचा सामना बघावा तसे या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते.

बाईंनी काउंटरवरची तिसऱ्या मजल्याची किल्ली उचलली.

“आधी खोली बघते,” त्या म्हणाल्या, आणि लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झालं.

आप्पा तिथल्या वेताच्या खुर्चीवर बसले. उठले. पुन्हा बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. बेंगळुरूचं कुटुंब आपल्या खोल्या घ्यायचं विसरून आमच्यासमोरच्या बाकावर ओळीनं बसलं.

“फार घाई केली का मी?” आप्पांनी विचारलं.

“चार महिने लावलेत, आप्पा.”

“गादी आवडली नाही तर?”

दहा मिनिटं गेली असतील. लिफ्टचा आवाज झाला. दार उघडलं. आत बाई उभ्या होत्या. तोंड धुतलं होतं, केस पुन्हा विंचरून बांधले होते. त्यांनी लिफ्टमधूनच सांगितलं, “खोली छान आहे. दोघं वर या, चहा मागवलाय. आणि हो...”

आणि लिफ्टचं दार मिटलं.

आप्पा उभे राहिले. लिफ्ट वर चालली होती. ते मिटलेल्या दाराकडे बघत होते.

“हेमा,” ते म्हणाले, “ते ‘आणि हो’ म्हणजे पुढे काही सांगायचं राहिलं, का... हो?”

“वर जाऊन विचारा की.”

लिफ्ट खाली यायची वाट कोण बघतो! माझे सत्तर वर्षांचे वडील जिन्याकडे धावले. एकेक सोडून पायऱ्या चढताना त्यांच्या चपलांचा फटफट आवाज पहिल्या मजल्यावरून आला, मग दुसऱ्या, मग ऐकू येईनासा झाला. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरून बाईंचं हसणं ऐकू आलं, मोकळं, खळखळून, आणि त्याच्या मागोमाग आप्पांचं. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी डोळे पुसले. त्यांना काय कळलं होतं देव जाणे.

त्या डिसेंबरात सांगलीत नोंदणी कचेरीत लग्न झालं. अजित आला, आधी कोपऱ्यात उभा राहिला, मग त्यानंच सगळे फोटो काढले. पण ते नंतरचं. त्या सकाळी मी काउंटरपाशी एकटीच उभी होते, आणि नंजुंडय्या अजून पेन धरून होते.

“काय म्हणाल्या मॅडम?” त्यांनी विचारलं.

“हो म्हणाल्या.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नात्याच्या रकान्यात कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक लिहिलं. मग हळूच, धंद्याच्या आवाजात विचारलं, “मग खोल्या बदलायच्या का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “लग्न होईपर्यंत नवरी माझ्याकडे आहे.”